गुऱ्हाळातली चप्पल

आमच्या घरात तीन दिवस टक टक असा आवाज येत होता. आप्पा चालायला लागले की यायचा, आप्पा बसले की थांबायचा. मला वाटलं, मला न सांगता त्यांनी यंत्राचा पाय बसवून घेतला.

आप्पा म्हणजे माझे आजोबा, शिंगटे गुरुजी. अख्खं कऱ्हाड त्यांना ओळखतं, कारण परीक्षेच्या भरारी पथकात राहून त्यांनी चाळीस वर्षं कॉप्या पकडल्या. मोज्यातल्या, पट्टीमागच्या, एकदा तर भाकरीत गुंडाळलेली.

चौथ्या दिवशी मी त्यांची चप्पल उलटी केली. उजव्या चपलेत बारका खिळा आरपार घुसला होता. टोक वर, पायाच्या बाजूला.

"आप्पा, हे टोचलं नाही तुम्हाला?"

"मास्तरची कातडी आहे, तितू. तिला काय होतंय." त्यांनी खिळा उपटून फेकला आणि पायात मोजा चढवला. "आईला सांगत बसू नकोस."

खिळा टोचतो आणि दुखत नाही, हे कसं काय, ते मला कळेना. पण मी गप्प बसले, कारण रविवार जवळ आला होता. चंद्रावरच्या सहलीच्या सोडतीत आमचं नाव निघालं होतं, एक आजोबा आणि एक नात. फक्त आप्पांच्या तब्येतीचा दाखला हवा होता. त्यांना मधुमेह (रक्तातली साखर वाजवीपेक्षा जास्त राहण्याचा आजार) आहे. रविवारी तपासायला चिमटा येणार होता. चिमटा हा आरोग्य केंद्राचा यंत्रमानव. खरं नाव लांबलचक आहे, पण बोटाला टोचतो म्हणून गल्लीत सगळे त्याला चिमटाच म्हणतात.

वर्षभर आप्पा रोज संध्याकाळी फिरायला जायचे. कंदी पेढ्याच्या दुकानापर्यंत. शुक्रवारपासून मात्र परीक्षेचा अभ्यास सुरू झाला. सकाळी कारल्याचा रस, दुपारी मेथीचं पाणी, रात्री काहीच नाही. गच्चीवर शंभर फेऱ्या. शनिवारी तर त्यांच्या अंगाला कारल्याचा इतका वास यायला लागला की मांजराने त्यांच्या मांडीवर बसणं सोडलं.

रविवारी चिमट्याने बोट टोचलं. "उपाशीपोटी एकशे अठरा. छान, गुरुजी."

"मग काढ दाखला," आप्पा मिशीत हसत म्हणाले.

"काढतो. आधी गेल्या तीन महिन्यांची साखर बघू."

"गेल्या? गेलेली कशी बघणार?"

"रक्तात लिहिलेली असते."

आप्पांचा चेहरा त्या भाकरीत कॉपी लपवणाऱ्या पोरासारखा झाला. त्यांना अचानक थंडी वाजायला लागली. ऐन मे महिन्यात त्यांनी शाल पांघरली, मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाले, "शालीखालून तुझं बोट पुढे कर. चंद्र बघायचाय ना?"

मी केलं. चिमट्याने बोट उजेडाकडे वळवलं.

"गुरुजी, या बोटाला हिरवं नेलपॉलिश आहे."

"हल्ली लावतात," आप्पा म्हणाले.

"आणि बोट नऊ वर्षांचं आहे. परीक्षेला असा दुसराच माणूस बसवतात, त्याला तुमच्या पथकात काय म्हणायचे?"

"डमी," आप्पा पुटपुटले आणि स्वतःचं बोट पुढे केलं.

"नऊ पूर्णांक आठ," चिमटा म्हणाला.

"दहापैकी?" आप्पांनी आशेनं विचारलं.

"टक्के. सातच्या आसपास हवे होते."

मला काही समजेना. आत्ताच तर छान म्हणाला होता. चिमटा माझ्याकडे वळला. "तितू, गुऱ्हाळात (उसाचा रस उकळून गूळ करतात तिथे) गेलीस कधी?"

"गेलेय की. चप्पल चिकटते."

"का?"

"खाली गूळ सांडलेला असतो म्हणून."

"बरोबर. आपल्या रक्तात तांबड्या पेशी फिरतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन (रक्ताला लाल रंग देणारं आणि ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन) असतं. ती समज चप्पल. रक्तातली साखर तिला थोडी चिकटतेच, तुझ्याही. साखर जास्त, तर जास्त चिकटते. आणि एकदा नीट चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी साधारण चार महिने जगते. मग नवी येते, कोरी चप्पल घालून. रक्तात जुन्या-नव्या पेशी एकत्र असतात, म्हणून दोन-तीन महिन्यांचा अंदाज लागतो."

"म्हणजे आप्पांनी दोन दिवस उपाशी राहून, गच्चीवर फेऱ्या मारून फरशी झाडून घेतली. पण चपला चिकटच राहिल्या."

"माझीच नात ना ही?" आप्पांनी छताला विचारलं.

"शंभरातल्या जवळजवळ दहा चपला चिकट आहेत," चिमटा म्हणाला. "आणि गुरुजी, साखर उतरवायची गोळी घेऊन दोन दिवस उपाशी राहिलात. साखर एकदम खाली जाऊन गच्चीवरच पडला असतात. पण एवढ्यावरून सहल रद्द होत नाही. डॉक्टरबाई औषध बदलून देतील. दुसरी काही तक्रार नसेल तर जाल. पायांना काही?"

"काही नाही," आप्पा म्हणाले. चिमट्याला म्हणाले, पण बघत होते माझ्याकडे.

मला चंद्र हवा होता. दोन महिने मी बॅग भरून ठेवली होती. पण तो खिळाही दिसत होता, टोक वर केलेला.

"आप्पा, उजवा मोजा काढा," मी म्हणाले.

मोज्याखाली अंगठा सुजून लाल झाला होता आणि तळाशी जखम होती. चिमट्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा पिवळा झाला.

"दुखत नाही रे," आप्पा म्हणाले.

"तेच वाईट आहे, गुरुजी. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायातल्या नसा (मेंदूकडे बातमी नेणाऱ्या तारा) बधिर होतात. जखम होते, बातमी पोचत नाही. त्यात ती भरायलाही वेळ लागतो. अजून आठवडाभर लपवली असती, तर कदाचित अंगठा कापावा लागला असता."

उडत्या रिक्षाने आम्ही दवाखान्यात गेलो. वाटेत आप्पा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सहल पुढच्या तुकडीवर गेली, आणि मी खिडकीकडे तोंड करून रडले.

मग चार महिने घरात माझं भरारी पथक होतं. ताटात अर्धी भाजी, मग आमटी आणि एकच भाकरी. गोळ्या वेळेवर. जेवल्यावर फेरी, पेढ्याच्या दुकानाच्या उलट्या दिशेला. चप्पल झटकून घालायची. रोज संध्याकाळी तळपायाखाली आरसा धरून मी तपासणी करायचे. एकदा मोज्यात पेढा सापडला. आप्पा म्हणाले, तो जुना आहे.

चार महिन्यांनी चिमटा परत आला. यावेळी आप्पांना थंडी वाजली नाही.

"सहा पूर्णांक नऊ," तो म्हणाला. "सगळ्या चपला नव्या आल्या, गुरुजी. गूळही कमी लागलाय."

आप्पांनी अंगठा हलवून बघितला. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत हजारभर पोरं पकडली मी. एकानेही येऊन आभार मानले नाहीत. कृतघ्न लेकाचे, असं वाटायचं. आता कळतंय, पकडल्यावर किती राग येतो ते. तुझा मला आठ दिवस राग होता, तितू. मग जखम भरत आली, तसा उतरला." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मोजा काढायला लावलास, फार बरं झालं. आणि चिमटोबा, तुमचेही आभार."

 चिमट्याने दाखला काढून दिला.

परवा आम्ही निघतोय. काल चंद्रावर घालायचे जाड बूट घरी आले. आप्पांनी ते उलटे केले, झटकले, आत हात घालून चाचपले. मग दोन्ही पाय पुढे करून मला म्हणाले, "मोज."

मी बोटं मोजली. दहापैकी दहा.