उस्तादांची रेघ

हरी मिस्त्री आला तेव्हा त्याच्या बगलेत एक मोठा पुठ्ठा होता आणि पुठ्ठ्यात रांगेने बोल्ट खोचलेले होते. प्रत्येक बोल्टखाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. पायात चपला नव्हत्या.

भूपेशला वाटलं, भंगारवाला आला. तसं त्याने बोलूनही दाखवलं. निवेदिताने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि मिस्त्रीला खुर्ची दिली.

निवेदिता पूर्वी गाड्यांच्या विम्याची सर्व्हेअर होती. चेपलेल्या पत्र्याकडे बघून अपघात खरा की बनवलेला हे सांगायची. साहेबांना खरं आवडेनासं झालं तेव्हा नोकरी सोडून तिने भिवंडीतच खाजगी तपासाचं ऑफिस टाकलं. भूपेश तिचा मदतनीस. स्कूटर चांगली चालवतो, फोटो चांगले काढतो आणि तर्क करायची घाई करतो. तीन गोष्टींपैकी दोन बऱ्या, म्हणून टिकून आहे.

मिस्त्रीने सांगितलं ते असं. नारपोलीच्या अब्दुर्रहमान शेठकडे त्यांच्या वडिलांनी सत्तावन्न साली घेतलेली फियाट होती. गेलं दीड वर्ष शेठच्या यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, शेडमागच्या खोलीत मिस्त्री तिचं इंजिन नव्याने बांधत होता. अट एकच, इंजिन कंपनीतून निघालं तसंच राहिलं पाहिजे. जो बोल्ट ज्या भोकातला, तो त्याच भोकात परत जाणार. पुठ्ठा त्यासाठीच. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य लोखंडी धडाच्या, बाजूला कंपनीने नंबर ठोकलेला होता, त्याला मिस्त्रीने ब्रश लावला नव्हता की कानस. नुसतं ग्रीस चोपडून ठेवलं होतं.

आज सोमवारी सकाळी जुन्या गाड्यांच्या क्लबातले आल्हाद गुप्ते तपासणीला आले. गाडी अस्सल आहे असा दाखला ते देणार होते. नंबर बघितला आणि म्हणाले, हा कंपनीचा ठोका नाही. झालं. अस्सल ब्लॉक मिस्त्रीने विकला आणि भलत्याच ब्लॉकवर नंबर ठोकून ठेवला, असं शेठने धरलं. त्यांनी शेडमधले सगळे लूम बंद करायला लावले, प्रत्येक कामगाराला ऐकू जावं म्हणून, आणि पस्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला चोर म्हणून बाहेर काढलं. हत्यारांची पेटी आत राहिली, चपला शेडच्या दारात. हातात होता तेवढा पुठ्ठा घेऊन मिस्त्री चालत सुटला.

"उद्या सकाली पोलिसात देनार हायेत," तो म्हणाला. "पोलिसांचा काय न्हाय, ताई. पन नारपोलीत मना आता कोन गाडी देल? मी त्या लंबरला हात लावला न्हाय."

निवेदिताने विचारलं, शनिवार-रविवार तो कुठे होता. खारबावला, भाचीच्या साखरपुड्याला. शनिवारी दुपारी खोलीला कुलूप लावून किल्ली शेठच्या घरी देऊन गेला, आज सकाळी परत आला.

"म्हणजे दोनशे साक्षीदार," भूपेश म्हणाला.

"तेवढ्याने भागायचं नाही," निवेदिता म्हणाली. "चला."

अब्दुर्रहमान शेठ ऑफिसात बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून चाळिशीचा. मिस्त्रीला बघून ते उठलेच. निवेदिताचे वडील शेठच्या मुलाचे, अरशदचे, मास्तर होते, तेवढ्या इज्जतीखातर त्यांनी तिला बसायला सांगितलं. मिस्त्री दारातच उभा राहिला.

शेठचं म्हणणं पक्कं होतं. रोज संध्याकाळी ते खोलीत जाऊन त्या नंबरावर बोट फिरवत. वडिलांची सवय, ती त्यांना लागली. शनिवारी संध्याकाळीही फिरवलं होतं, रविवारी तेवढं जायला जमलं नाही. "तेव्हा होता तोच नंबर होता. बोटाला कळतं, बाई. आज हात लावला तर परकं इंजिन. ह्याने खारबावला बसून माणसं पाठवली असणार."

एक कागद त्यांनी स्वतःच फाइलीतून काढून टेबलावर आपटला. आरटीओत देण्यासाठी पूर्वी घेतलेला नंबराचा छाप होता, कागद ठेवून वर पेन्सिल घासून काढलेला. शेवटचे इंग्रजी आकडे चार, सात, चार, एक. सात जरा खाली उतरलेला आणि उजवीकडे कललेला होता. आजचे आकडे म्हणे फूटपट्टी लावून ठोकल्यासारखे एका ओळीत. आणखी काय पुरावा पाहिजे, असं शेठने विचारलं.

निवेदिता भिंतीकडे बघत होती. तिथे एकोणनव्वद सालचा एक फोटो होता. बाकावर हेच इंजिन उलटं ठेवलेलं, शेजारी शेठ, एक दाढीवाले मिस्त्री आणि सोळा वर्षांचा हरी. दाढीवाले म्हणजे सुफियान उस्ताद, हरीचे गुरू. त्यांचं नाव निघालं तसे शेठ थोडे निवळले. इंजिन उघडताना उस्तादांनी छिन्नीने खुणेची रेघ मारली आणि नेमकी तेव्हाच शिंक आली, म्हणून रेघेचं शेपूट वळलं, हे त्यांनी हसून सांगितलं. मग दारातल्या हरीकडे नजर गेली आणि हसू मावळलं.

आल्हाद गुप्ते आतल्या खोलीत जेवून हात पुसत होते. नीटनेटके गृहस्थ. खिशात भिंग. त्यांनी सरळ सांगितलं की ते सगळ्यात आधी नंबर बघतात आणि नंबर बिनसला की पुढे काही बघतच नाहीत. तपासणीची वेळ ठरवताना फोनवर अरशदलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. बनावट करणारा तर अगदीच कच्चा होता म्हणे. दोन्ही चार लंगडे, दोघांचा खालचा पाय उमटलेलाच नाही.

ही गाडी त्यांना स्वतःला हवी होती का, असं निवेदिताने विचारलं. फोनवर दोनदा मागितली होती, ते म्हणाले, शेठने दोनदा नकार दिला. भूपेशने तिला कोपराने ढोसलं. तिने दुर्लक्ष केलं.

अरशद शेडमध्ये भेटला. चाळीस लूम धडधडत होते, त्यामुळे बोलायचं म्हणजे कानाशी तोंड न्यावं लागे. वय पन्नाशीच्या आसपास, डोळे झोप न झाल्यासारखे. किल्ली घरात खुंटीला होती, कोणीही घेऊ शकलं असतं, असं तो म्हणाला. इंजिनातलं त्याला काही कळत नाही. अब्बांनी त्याला त्या खोलीत कधी पाना धरू दिला नाही, सगळं हरीच. अरशदकडे फक्त लूम.

एवढ्यात भूपेश भिंतीला टेकवलेल्या लोखंडी बीमला अडखळला. सूत गुंडाळायचे हे रूळ सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावायला, जातात आणि दुसऱ्याच्या मालात मिसळू नयेत म्हणून प्रत्येक मालक त्यावर आपला आकडा ठोकतो.

"हा काय आकडा आहे?" भूपेश पाय चोळत म्हणाला. "एकापुढे त्रिकोण?"

"चौदा," अरशद म्हणाला. बीमवर आकडे तो स्वतःच ठोकतो. कामगार गोंधळ घालतात.

निवेदिताने बीमचा फोटो काढायला सांगितला. भूपेशने तो काढला आणि का काढला हे त्याला कळलं नाही.

मग सगळ्यांना तिने मागच्या खोलीत बोलावलं. भिंतीपलीकडे लूम चालूच होते. लोखंडी स्टँडवर इंजिन होतं, वरचं हेड अजून बसवलेलं नव्हतं, खालचं तेलपात्रही उघडं. नंबराची जागा चकचकीत होती. तिने त्यावर नख फिरवलं.

"गुप्तेसाहेब, तुम्ही नंबर बघितलात आणि थांबलात. इंजिनाला दुसरीही बाजू असते. मिस्त्री, उलटं करा."

शेठने हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण मिस्त्रीने स्टँडची खीळ काढून इंजिन फिरवलंसुद्धा. पोटातला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या तीन जाड लोखंडी कॅप वर आल्या.

"ह्या कॅप दुसऱ्या ब्लॉकला चालतील?"

"न्हाय," मिस्त्री म्हणाला. "कॅप न ब्लॉक संगतीनं बोर केल्याला असतो. दुसऱ्याची लावली का क्रँक आवलतो." त्याने एका बोटाने क्रँक ढकलला. तो आवाज न करता फिरला.

"आता मधल्या कॅपवरची रेघ बघा, शेठ. कॅपवर सुरू होते आणि सांधा ओलांडून ब्लॉकवर उतरते. शेवटी शेपूट वळलंय, आणि ते शेपूट ब्लॉकवर आहे. भूपेश, भिंतीवरचा फोटो आण."

फोटो आला. त्यात उलट्या इंजिनावर तेच वळलेलं शेपूट दिसत होतं. शेठने चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. मग वाकून त्यांनी त्या रेघेवर बोट फिरवलं, रोज नंबरावर फिरवायचे तसं.

"सुफियानची रेघ," ते म्हणाले.

"म्हणजे ब्लॉक अस्सल आहे. विकला नाही, बदलला नाही. पण पेन्सिलीचा छाप सांगतो की नंबर मात्र तो राहिलेला नाही. दोन्ही खरं असेल तर एकच गोष्ट झाली. अस्सल ब्लॉकवरचा अस्सल नंबर कोणीतरी कानशीने घासला आणि तोच नंबर पुन्हा ठोकला."

"का पण?" गुप्ते म्हणाले. "असा वेडेपणा कोण करेल?"

"म्हणूनच तो चोराने केलेला नाही. तुम्ही केला नाहीत, कारण तुम्ही आज पहिल्यांदा आलात, आणि गाडी हवी असलेला माणूस तिची किंमत अशी कायमची घालवत नाही. मिस्त्रीने केला नाही. शनिवारी संध्याकाळी नंबर जागेवर होता, हे शेठनीच सांगितलं, आणि तेव्हा मिस्त्री खारबावला होता. माणसं पाठवायची ती ब्लॉक पळवायला, नंबर घासायला नाही. हे अशा माणसाने केलं ज्याला कंपनीचा ठोका वाकडाही असू शकतो हे माहीत नव्हतं. कललेला सात बघून तो घाबरला. तपासणारा ह्याला बनावट म्हणेल असं त्याला वाटलं. म्हणून त्याने तो नीट केला, सरळ ओळीत. फक्त आकडे ठोकायच्या त्याच्या पंचांपैकी चाराचा पंच तुटका होता."

तिने भूपेशचा मोबाइल पुढे केला. बीमवरच्या चौदातला चार, आणि शेजारी ब्लॉकवरचे दोन. तिन्ही त्याच पायाने लंगडे.

अरशद खाली बघत होता.

"रविवारी केलं," तो शेवटी म्हणाला. "गुप्तेसाहेब म्हणाले होते, नंबर बिनसला की ते पुढे बघत नाहीत. मला वाटलं, अब्बांचं एक काम तरी माझ्या हातून नीट व्हावं."

"न सकाली?" मिस्त्रीने विचारलं. "सकाली तू माझ्या बाजूलाच हुबा व्हतास, अरशद."

"सांगणार होतो. तोवर अब्बांनी लूम बंद करायला लावले होते. सगळ्यांसमोर..." निवेदिताला त्याची दया आली आणि त्याच दमात संतापही आला. दीड वर्षाचं काम त्याने प्रेमापोटी नासवलं होतं, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण शेजारच्या माणसाला चोर म्हणत असताना गप्प राहणं त्याला चांगलंच जमलं होतं.

शेठ स्टुलावर बसले. एकदा मुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "हरी, चूक झाली. माफ कर. पोलिसात काही जाणार नाही. उद्यापासून कामाला ये." आणि आवाज खाली आणून, निवेदिताकडे वळून: "बाई, घरातली गोष्ट आहे. ह्या खोलीतच राहू दे. अरशदला ह्याच कामगारांवर शेड चालवायची आहे."

मिस्त्रीने हत्यारांची पेटी उचलली होती, ती परत खाली ठेवली.

"लूम बंद करा, शेठ."

"काय?"

"सकाली केलात तसे. सगल्यांसमोर मना चोर म्हनालात. आता न्हाय म्हना. अरशदचा नाव घेऊ नका, मना नको तो. माझाच घ्या. हरी चोर न्हाय, एवराच."

भिंतीपलीकडे चाळीस लूम धडधडत होते. मेन स्विच दाराजवळच होता, शेठच्या हातापासून चार पावलांवर. निवेदिता तिकडे निघाली, तशी मिस्त्रीने तिला थांबवलं.

"तुमी न्हाय, ताई. त्यांनी."

शेठ उठले. स्विचपर्यंत गेले. हात वर केला आणि मागे वळून अरशदकडे पाहिलं. मग हात खाली आला. लोक विचारतील, ते पुटपुटले, मग कोण, असं विचारतील. दोन दिवस जाऊ देत.

मिस्त्रीने मान हलवली. पुठ्ठा त्याने इंजिनाशेजारी नीट उभा करून ठेवला. कुठला बोल्ट कुठे ते सगळं लिहिलंय, त्याने सांगितलं, कोणीही जोडील. मग शेडच्या दारात बसून चपला घातल्या आणि पेटी खांद्यावर घेतली. आतल्या कामगारांपैकी दोघातिघांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर सुताकडे वळवली. चोर आपली हत्यारं न्यायला आला होता, एवढंच त्यांना दिसलं.

स्कूटरवर भूपेशने विचारलं, केस आपण जिंकली ना? निवेदिताने त्याला समोर बघून चालवायला सांगितलं.

मिस्त्री हल्ली पडघ्याला ट्रकांची कामं करतो. शेठने दोन मिस्त्री आणून बघितले. पुठ्ठ्यावरचं हरीचं अक्षर त्यांना लागत नाही. ते इंजिन अजून स्टँडवर उलटंच आहे.