धुरपताबाईचे पाय

रणधीर, पाय पसरून बसू नको, जवळ घे. अर्पिता, तूबी. हसताय? हसा. पोट भरून हसून घ्या, मग पुढचं सांगतो. अन् ही माझ्या पदरची थाप न्हाय बरं का. जळकोटचा जैनोद्दीन पेंटर माझ्या डोळ्यापुढं वाढलेला. माझ्याच पानपुड्यातली सुपारी चोरायचा.

तर मागच्या सालची येळवस, रानात जेवायची मार्गशीर्षातली अवस, तोंडावर आली होती. जैनोद्दीन सकाळच्या यष्टीनं भूमला निघाला, कामाला. आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले, पाट्यांचा धंदा बसला. मग हा गडी कापडावर गल्ल्या रंगवाय लागला. हापसा, पिठाची गिरणी, दारात वाळत घातलेल्या मिरच्या, उकिरड्यावरची कोंबडी. कोंबडी तर अशी काढायचा, की बघणाऱ्याला रस्सा आठवायचा.

भूमला त्याला बलभीमनं बोलावलं होतं. त्यांच्या गल्लीतला रस्ता रुंद होणार होता, दारापुढचे ओटे जाणार होते. ओटा जायच्या आत गल्ली कापडावर पायजे, अन् ओट्यावर बसलेली आई पायजे, एवढंच त्याचं म्हणणं.

आई म्हणजे धुरपताबाई. तोंडात दात न्हाय, पण जीभ दातापेक्षा टोकदार. मांडीवर सूप घेऊन ज्वारी निवडत बसली.

“पेंटर, सुरकुत्या समद्या काढू नको. रंग पुरायचा न्हाय तुझा.”

जैनोद्दीनची एक रीत होती. आधी आभाळ, मग भिंती, मग झाडंझुडं. माणसं शेवटी. अन् माणसाचे पाय सगळ्यात शेवटी. पाय टेकले की माणूस चित्रात बसला, काम संपलं. तोवर माणूस अधांतरी.

दिवस मावळला तेव्हा सगळं झालं होतं. पाय तेवढे राहिले. उजेड गेला, यष्टीची वेळ झाली. कापड गुंडाळत तो म्हणाला, “मावशी, पाय पुढच्या खेपेला काढतो.”

“अन् तवर मी काय रांगू व्हय रं?”

सगळी गल्ली हसली. तोबी हसला.

त्याच आठवड्यात धुरपताबाई झोपेतच गेली.

आता आपल्याकडची रीत तुमाला ठाऊक हाय. जिथं जीव गेला तिथं दिवा लावायचा. दिव्यापाशी पीठ चाळून पसरायचं, वरनं डालगं, कोंबड्या झाकायची टोपली, पालथं घालायचं. सकाळी डालगं उचलून बघायचं, काय उमटलंय. कुठं पाखराचा पाय, कुठं माणसाचं पाऊल. दहाव्यापर्यंत असं चालतं.

येळवशीला जैनोद्दीन गावातल्या शरणबसप्पाच्या रानात जेवला. भज्जी, आंबील, पोटाचा नगारा. अंधार पडताना घरी आला, तर बलभीमचा फोन.

“पेंटर, चित्र कुठंय?”

“घरीच हाय. कळलं मला, मावशी...”

“पाय काढले का तिचे?”

“न्हाय अजून.”

बलभीमनं आवाज हळू केला.

“डालग्याखाली हात उमटतेत. रोज. तळहात. अन् त्येच्यामागं काहीतरी ओढत नेल्यालं... पाय काढ, बाबा. माझी आई रांगाय लागलीय.”

अवसेची रात. बाहेर काळं कुट्ट. जैनोद्दीन बल्ब लावून बसला. कुंचला भिजवला, अन् हात तसाच राहिला. म्हातारीचं नाक आठवलं. मिस्रीची हिरडी आठवली. सुपावरची बोटं आठवली. पाय? पाय लुगड्याखाली होते. दिवसभरात त्यानं एकदाबी बघितले न्हवते.

अन् न बघता काढायचं त्याच्या हाताला ठाऊक न्हवतं.

आत त्याची अम्मी झोपली होती. सकिनाबी. वय धुरपताबाईएवढंच. म्हाताऱ्या बाईचे पाय म्हाताऱ्या बाईचेच, दुसरं काय, असं त्यानं मनाला समजावलं. पायथ्याची गोधडी हळूच वर केली...

काय गं अर्पिता? आता का पाय ओढून घेतलेस? मघाशी हसत होतीस की.

सकिनाबीच्या डाव्या पायावर कधीकाळी वरवंटा पडला होता. करंगळी मोडून शेजारच्या बोटावर चढून बसली होती. जैनोद्दीननं ती तशीच काढली. डोळ्याला दिसलं ते हातानं उतरवलं. पहाटे धुरपताबाईचे पाय जमिनीला टेकले.

सकाळी बलभीमचा फोन. रडत होता, पण सुखानं.

“उमटली! पावलं उमटली, पेंटर! फोटो टाकलाय, बघ.”

जैनोद्दीननं फोटो उघडला. पांढऱ्या पिठात दोन पावलं. डाव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

“एक मातर कळंना,” बलभीम सांगत होता. “आईची करंगळी तर सरळ हुती...”

तेवढ्यात आतनं हाक आली.

“जैनू, माझ्या बिछान्यात पीठ कुणी सांडलं रे बेटा?”

तो आत गेला. अम्मी उठून बसली होती, तळपाय चोळत. तळपाय पांढरे.

“लई दुखालेत रे. रातभर चालल्यावानी.”

कुठं जळकोट, कुठं भूम!

तो बाहेर आला. रंग खरवडायची सुरी घेतली. चित्रातल्या करंगळीला टोक लावलं. नुसतं लावलं.

“या अल्ला!” आत अम्मी किंचाळली.

सुरी हातातनं पडली.

आता काय करावं? खरवडावं, तर अम्मीचे पाय. ठेवावं, तर रोज रात्री... कुणाला सांगावं? बलभीमला? त्याची आई तर चालाय लागली होती. जैनोद्दीननं चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं, अन् दहाव्याची वाट बघत राहिला. दिवा उचलला की सुटका, एवढीच आशा. रात्री तो अम्मीच्या पायथ्याशी बसायचा. दोन्ही घोटे हातात धरून. पहाटे डोळा लागायचाच. उठून बघावं तर तळपायाला पीठ.

दहावा आला. त्या पहाटेबी डोळा लागला.

फोननं जाग आली.

“दिवा उचलला, पेंटर. आई सुटली. चालत गेली बघ.”

फोन ठेवला. घरात गार पडलं होतं.

“अम्मी?”

“जैनू... मला उठव. पाय कुठं हायत ते कळंना.”

त्यानं गोधडी काढली. पाय होते. होते तसेच. त्यानं डावी करंगळी दाबली. अम्मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

“दाब की.”

“दाबतोय, अम्मी.”

मग त्याची नजर खाली गेली. बिछान्यापासून उंबऱ्यापर्यंत पिठाची पावलं. एकामागं एक. डाव्या पावलाची करंगळी चढलेली. सगळी बाहेर जाणारी.

परत येणारं एकबी न्हवतं.