सोळा पायली मका

पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी.

विमान वेळेआधी उतरतं. चिकलठाण्याच्या विमानतळावर असं रोज होत नाही.

पपई, शेवग्याच्या शेंगा, डझनभर अंडी, वरून हिरवा टॉवेल.

पंधराच्या पुढं काय येतं हे माहीत नसलेला सव्वीस वर्षांचा माणूस.

उभा असलेला बाप खाली बसतो.

आणि मोनिका साळवे. वय चोवीस, सँडलचा पट्टा तुटलेला, नाकाचा शेंडा रागानं लाल. ती पिशोरच्या एसटीत चढते आहे.

राग साधा नव्हता. मिशननं तिला पाहुणा आणायला विमानतळावर पाठवलं होतं. फिलिपिन्सहून कोणी जोएल येणार होता, पिशोरच्या चर्चच्या हॉलमध्ये डिसेंबरअखेरपर्यंत इंग्रजी शिकवायला. मोनिका त्याची दुभाषी. नावाचा पुठ्ठा छातीशी धरून ती तासभर उभी राहिली. पाहुणा नाही, फोन नाही. तिकडं हॉलमध्ये बायका येऊन बसल्या असतील... ठीक आहे, नाही तर नाही. आपणच शिकवू. ती तडक बसस्टँडवर आली.

गाडीत एकच जागा रिकामी होती. शेजारच्या तरुणाच्या मांडीवर कोंबडी बसली होती.

"माफ करा," तो इंग्रजीत म्हणाला, "ही कोंबडी माझी नाही."

"मग कुणाची?"

"त्या आजींची. त्या काहीतरी म्हणाल्या, मी 'हो' म्हणालो. मला मराठीत तेवढंच येतं."

पुढच्या सीटवरून दगडाबाई वळल्या. पिशोरच्या चर्चमधल्या सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या बाई. "नीट धर रं बाबा. सुटली तर कंडक्टर तिचं तिकीट तुझ्या नावावर फाडंल."

मोनिकानं त्याच्या गळ्यातलं कार्ड वाचलं. जोएल. तिनं डोळे मिटले, उघडले.

"तुम्ही विमानतळावर थांबला का नाहीत?"

"विमान लवकर आलं. बाहेर कोणी नव्हतं. मी एकाला 'पिशोर' म्हणालो. त्यानं मला रिक्षात बसवलं, रिक्षावाल्यानं बसमध्ये बसवलं, आणि बसमध्ये लगेच कोंबडी मिळाली." तो जरा थांबला. "तुमच्याकडं व्यवस्था फार चांगली आहे."

हसायचं नाही, असं मोनिकानं ठरवलं होतं. दौलताबादच्या घाटापर्यंत तिनं ते निभावलं. घाटात गाडी वळली, कोंबडीनं त्याच्या पांढऱ्या शर्टावर जे करायचं ते केलं, आणि तो अत्यंत नम्रपणे कोंबडीला म्हणाला, "हो."

मोनिका खिडकीकडं तोंड करून इतकी हसली की दगडाबाईंनी पाण्याची बाटली मागं दिली.

*

तिचं असं होतं.

जसा तो इकडं, तशी ती तिकडं जाणार होती. त्याच मिशनच्या एका बेटावरच्या शाळेत, दोन वर्षं, जानेवारीपासून. निवड मे महिन्यातच झाली होती. तेव्हा जोएल नावाचा माणूस जगात आहे हेही तिला ठाऊक नव्हतं.

अडलं होतं ते घरात. घरात माणसं दोनच. आई सहा वर्षांपूर्वी गेली. पुंडलिक साळवे मूळचे पिशोरचे, आता चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर. संध्याकाळी येणार, हात धुणार, "काय केलंस गं आज" विचारणार, आणि तिचं उत्तर हेच त्यांचं जेवणाआधीचं चहापाणी.

"पप्पा, जानेवारीचं काय करू?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"हंगामाच्या सणाला सांगतो. आता वाढ."

जायचं तर तिनं ठरवूनच टाकलं होतं. पण बापाला मागं अंधारात बसवून, पळाल्यासारखं नाही. त्यांच्या तोंडून 'जा' ऐकून. ते एवढं एक तिला हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत मधे दुसरं काही यायला नको होतं.

मधे जोएल आला.

*

शनिवार-रविवार वर्ग. फळा दोन आठवडे, मग कंटाळून त्यानं अख्खा वर्ग पिशोरच्या बाजारात नेला. अट एकच, खरेदी इंग्रजीत. लुबनाच्या अब्बांचं कापडाचं दुकान होतं. लुबना स्वतः वर्गात, म्हणून त्या दिवशी गल्ल्यावर तीच.

"व्हॉट कलर?" लुबनानं दगडाबाईंना विचारलं.

"लाल."

"इंग्लिश में बोलो ना आजी."

"लाल इंग्रजीत बी लालच दिसतंय की."

जोएल पोट धरून हसला, मग म्हणाला, "आजींचं बरोबर आहे," आणि त्यांना पूर्ण गुण दिले. तो चुकणाऱ्याकडं असं बघायचा की चुकणं हा आपण केलेला एखादा पदार्थ आहे आणि तो चवीनं खातो आहे. मोनिकानं हे मनात टिपून ठेवलं. जानेवारीत आपणही असंच बघायचं. शिकवण्यासाठी म्हणून टिपलं. निदान तेव्हा तरी...

रविवारी संध्याकाळी ती शहराकडं परतायची, तो स्टँडपर्यंत सोबत.

"मी तुमच्या गावाला इंग्रजी देतो. मला काय मिळतं?"

"जेवण."

"ते दगडाबाई देतात. तुमच्याकडून काय?"

"एक मराठी आकडा. दर रविवारी एक."

"एवढाच?"

"हावरटपणा करू नका. एक."

"हा आजचा झाला की मागितलेला?"

"दोन्ही. चला, गाडी लागली."

एका रविवारी तो खुलताबाद बघायचं म्हणून तिच्या गाडीत बसला आणि दोघं तिथं उतरली. चढावरच्या गल्ल्या, दर्ग्याबाहेरची फुलं, हातगाडीवर पेरूंचा ढीग. परतीचा पाऊस अचानक आला... दोघं एका दुकानाच्या पत्र्याखाली. भिजलेल्या दगडांचा वास, पेरूचा वास. पेरूवाल्यानं फोडीला मीठ-तिखट चोळून दिलं होतं.

"तिखट लागलं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग डोळ्यांत पाणी कशाचं?"

"पावसाचं."

"पत्र्याखाली?"

तो फक्त बघत राहिला — जरा जास्तच — आणि मोनिकानं हातातल्या फोडीचा देठ उगाच तीनदा पुसला. "तुझ्या केसात," तो म्हणाला, आणि हात अर्ध्यावर नेऊन परत घेतला. "पान आहे."

"असू दे," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिला ओळखू आला नाही.

*

गावाला पत्र्याखालचं दिसतं.

"मोनिका, बाहर क्या बोल रे मालूम?" लुबना वर्ग सुटल्यावर म्हणाली. "पोरगी तिकडं शिकवायला नाय, पोराच्या मागं चाललीय."

"अर्ज मी त्याच्या आधी केला होता."

"मेरेकू मालूम है. गाव को कौन बताएगा?"

मोनिकानं वह्या गोळा केल्या. हे चिकलठाण्यापर्यंत पोचायला किती वेळ? पप्पांनी 'जा' म्हणायच्या आत त्या 'जा'चा अर्थच लोकांनी बदलून टाकला तर?

तिनं जोएलला सरळ सांगितलं. "सणापर्यंत माझ्याबरोबर स्टँडवर येऊ नकोस."

'का' असं त्यानं विचारलं नाही. चेहरा मात्र पडला. "आणि आकडा?"

"देईन. लांबून."

आणि दिला. गाडी चर्चवरून वळायची तेव्हा ती खिडकीतून ओरडायची, "तेरा." खाली उभा एक माणूस पुन्हा म्हणायचा, "तेरा." पुढच्या आठवड्यात चौदा. मग पंधरा. अख्खी गाडी वळून बघायची. लांबूनचं हे जवळच्यापेक्षा जास्त गाजलं, हे तिच्या लक्षात यायला जरा उशीर झाला.

*

हंगामाचा सण म्हणजे पीक हाती आल्यावर चर्चमध्ये उपासना, आणि ती झाल्यावर लिलाव. प्रत्येक घरानं टोपली आणायची, जे पिकलं ते. बोली पैशात नाही, मक्यात. जेवढ्या पायल्या बोललात तेवढा मका चर्चच्या कोठीत, पुढं वर्षभर अडल्यानडल्यासाठी. लिलाव पुकारणार दगडाबाई. बघायला सगळं गाव, दारात लुबनासुद्धा.

जोएलनं आधी विचारलंही होतं, "मी बोली लावली तर चालेल?"

"चालंल म्हंजे? देवाचं काम हाय. लाव की," दगडाबाई म्हणाल्या होत्या.

एक गोष्ट सांगायची मात्र सगळ्यांचीच राहिली, कारण ती कुणाला कधी सांगावीच लागत नव्हती. लग्नाच्या मुलीची टोपली तिचा बाप नाही तर भाऊ सोडवतो. दुसऱ्यानं त्यावर बोली लावली, तर त्यानं मुलगी मागितली. बाप बोलायचा थांबून खाली बसला, तर दिली.

मोनिकाची टोपली पुढं आली. पपई, शेंगा, अंडी, हिरवा टॉवेल. पुंडलिकराव दरवर्षीसारखे उभे राहिले.

"सहा पायली."

"सात," मागून आवाज आला. मराठीत, स्वच्छ.

हॉलमधली खोकणारी माणसं खोकायची थांबली. लुबनानं ओढणी तोंडात कोंबली.

"आठ," पुंडलिकराव मागं न बघता म्हणाले.

"नऊ." जोएल आनंदात होता. देवाचं काम, आणि आकडे एकामागून एक हाताशी येत होते. एकेका रविवारचे.

दहा. अकरा. बारा. तेरा.

"चौदा," पुंडलिकराव म्हणाले. आवाज बसला होता.

"पंधरा."

पुंडलिकराव वळले. त्यांनी त्या मुलाकडं पाहिलं, मग मुलीकडं. आणि खाली बसले.

मोनिकाला बापाची पाठ दिसत होती, सणाचा इस्त्रीचा शर्ट, मधोमध घामाची रेघ. ही टोपली आता जोएलला गेली की जानेवारीही त्याचाच. तिचा अर्ज, तिची मुलाखत, रात्ररात्र केलेली तयारी... सगळं त्याच्या मागं चाललेल्या पोरीचं होणार. आणि तो तिला आवडत होता. हेच तर अवघड होतं — तो आवडत होता.

ती उभी राहिली.

"सोळा."

"कोण म्हणलं?" दगडाबाईंना दिसत होतं, तरी विचारलं.

"मी, आजी. सोळा पायली."

"अगं, टोपली तुझीच हाय."

"व्हय. म्हणूनच."

"मका कुठंय तुझ्याकडं?"

"नाय. तुमच्या रानात कणसं मोडायची राहिलीत ना? कामाला येते. मजुरी मक्यात द्या."

कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. सगळ्यांच्या माना जोएलकडं वळल्या. त्यानं तोंड उघडलं. मिटलं.

"सोळा एक वार," दगडाबाई म्हणाल्या. "दोन वार..." इतका वेळ त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता. "तीन वार. घे माय. तुझी तू."

बाहेर लिंबाखाली पुंडलिकराव चपला शोधत होते. चपला पायातच होत्या.

"त्या पोराला टोपलीचं कुणी सांगितलं नव्हतं व्हय?"

"नाय, पप्पा."

"मग त्याला लाजवू नका कुणी." थोड्या वेळानं, दुसरीकडं बघत, "जानेवारीत तिकडं थंडी नसती म्हणं."

"नसते."

"मग स्वेटर नको घेऊ. उगं वजन."

मोनिकानं त्यांचा हात धरला. लेथवर काम करणारा, खरखरीत हात. दोघंही बराच वेळ लिंबाकडं बघत राहिली, जणू तिथं काही लिहिलंय.

*

सोमवारी सकाळी दगडाबाईंच्या रानात दव होतं. मक्याची पानं हाताला कापत होती. मोनिका तिसऱ्या ओळीत होती तेव्हा मागं पानं वाजली.

"लुबनानं सांगितलं," जोएल म्हणाला. "म्हणजे मी तुला सगळ्या गावासमोर मागणी घातली. आणि मला पत्ताच नाही."

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"मी नाही म्हणाले नाही. मी सोळा म्हणाले."

त्यानं एक कणीस मोडलं. चुकीचं, देठासकट. तिनं त्याच्या हातावर हात ठेवून मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं, आणि हात लगेच काढला नाही.

"मला सोळा येत नव्हतं," तो म्हणाला. "पंधराच रविवार झाले होते."

"येत असतं तर सतरा म्हणाला असतास?"

"नाही." त्यानं विचार केला. "तुझा आवाज ऐकून थांबलो असतो. तो आवाज टोपलीसाठी नव्हता."

मोनिका खाली बसून कणसं सोलू लागली. तोही बसला. पांढरट सालींचा ढीग दोघांच्या मधे वाढत गेला.

"मी तिकडं शाळेसाठी येतेय. तुझ्यासाठी नाही."

"माहीत आहे."

"दोन वर्षं."

"शाळा माझ्या गावापासून बोटीनं एका रात्रीच्या अंतरावर आहे."

"लांब आहे."

"पिशोरपेक्षा जवळ आहे."

तिला हसू आलं. तिनं ते लपवलं नाही. "महिन्यातून एकदा ये. दर आठवड्याला आलास तर परत पाठवीन."

"आणि दोन वर्षांनंतर?"

"तेव्हा मी विचारीन. तू नाही, मी. तू नुसतं उत्तर द्यायचं."

"उत्तर तयार आहे."

"आत्ता नको."

त्यानं तरीही दिलं — अगदी हळू, त्याच्या भाषेत, बसमध्ये कोंबडीला म्हटलेला तो मराठी शब्द शेवटी जोडून. मोनिकाला त्यातलं तेवढंच कळलं. ती मान खाली घालून सोलत राहिली. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या. सूर्य वर आला, दव वाळलं. पहिली पायली भरली तेव्हा दगडाबाई बांधावरून ओरडल्या की गप्पांची मजुरी मिळणार नाही.

निळी, चार चाकांची बॅग पुंडलिक साळव्यांनी मुलीसाठी जूनमध्येच शहागंजच्या बाजारातून आणून ठेवली होती, घासाघीस न करता.