झुंबरचं वय

नाशिकच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर शकुंतला गायधनींकडे दात काढायला लोक येत, तशी वय ठरवायला पोरंही येत. जन्माची नोंद नसली की कोर्ट त्यांना पाठवायचं. बाई जबड्याचा एक्स-रे काढायच्या, हिरडीखालच्या दातांची मुळं कितपत भरलीत ते बघायच्या आणि वय लिहून द्यायच्या.

शहात्तरच्या पावसाळ्यानंतर सायखेड्याहून एका हवालदारानं फडक्यात बांधून खालचा जबडा आणला. गोदावरीच्या वाळूत सापडलेला. बाईंनी फोटो काढला. दुधाच्या दाढा अजून जागेवर, खाली नव्या दातांची मुळं जेमतेम धरलेली. "नऊ वर्षं," त्यांनी लिहिलं.

सोबत कुसाबाई आली होती. तिची लेक झुंबर त्या पावसाळ्यात पुरात वाहून गेली, तेव्हा नऊचीच होती.

पण जबडा न्यायला ती तयार होईना. "एवढीशीच कशी जाळू, ताई? बाकीची सापडू द्या. तवर तुमच्यापाशी ठिवा."

हवालदारानंही हरकत घेतली नाही. बाईंनी जबडा कापसात गुंडाळून कपाटात ठेवला.

वर्षानं कुसाबाई पुन्हा आली. दाराशी उभी राहून हळूच म्हणाली, "झुंबर केवढी झाली, बघता का?"

तिच्या समाधानासाठी बाईंनी फोटो काढला. ओली फिल्म उजेडात धरली. मुळं वाढली होती. जुनी फिल्म काढून शेजारी धरली. चूक नव्हती. दहा.

"काय, ताई?"

"नऊच, कुसाबाई." तिच्या वेड्या आशेला त्यांना खतपाणी घालायचं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरला कुसाबाई आली ती नवं परकर-पोलकं घेऊन. आधीचं आखूड होत असंल, म्हणाली. मग आवाज उतरला. "सपनात येती, ताई... दात हलतो म्हनती. लय दुखतं म्हनती..."

भर दुपार होती. बाहेर पेशंटांचा गलका. बाईंनी कपाट उघडलं, कापूस उलगडला. दुधाची एक दाढ सुटून पडली होती. तिच्या जागी नव्या दाताचं पांढरं टोक वर आलं होतं.

आता बाईंना खोटं बोलवेना. "अकरा," त्या म्हणाल्या. "अकराची झाली तुमची झुंबर."

कुसाबाई हसली. दाढ ओंजळीत घेऊन बाहेर गेली आणि दवाखान्याच्या कौलांवर फेकून आली, पोरींचे पडलेले दात आया फेकतात तशी.

बाई कापूस आवरायला लागल्या. तो बोटांना ओला लागला. त्यांनी बोटं खिडकीशी नेऊन पाहिली. रक्त होतं... अजून कोमट.