ओलं दार

मोबाईल खाली ठेवा आणि गप्प बसा. मी दोनदा सांगत नाही.

माझ्या शेजारी ऑपरेटर राहतो. सिनेमाच्या मशीनवर उभं आयुष्य गेलं त्याचं. मागच्या जानेवारीतला दुसरा शनिवार. संध्याकाळी तो स्टँडवरून फिल्मचा डबा घेऊन आला. जुना मुका सिनेमा, रविवारी क्लबात दाखवायचा होता. आधी घरच्या मशीनवर चालवून जोड तपासायचे, ही त्याची पद्धत.

त्याची धाकटी बहीण शिवणकाम करते. लहानपणी तापात तिचे कान गेले. बोलते, पण सपाट. समोरच्याचे ओठ वाचते. तिचं लग्न आठवड्यावर आलं होतं, म्हणून ऑपरेटरने त्या दुपारीच दाराला आतून हिरवा रंग दिला होता.

नवरा मुलगा सुतार. बिजवर. पहिली बायको बंद खोलीत शेगडीच्या धुराने गेली. त्याच्यावर खुनाचा खटला चालला. तो म्हणाला, मी रात्रभर कारखान्यात होतो, तिने आतून कडी लावली होती, सकाळी मीच दार फोडलं. कोर्टाने सोडला.

ऑपरेटर मला म्हणाला, "काका, देऊ का हिला?"

मी म्हणालो, तिला विचार. ती म्हणाली, माणूस हसरा आहे.

त्या रात्री सुतार जेवायला आला होता. दहा वाजता भिंतीवर सिनेमा सुरू झाला.

"हिचं बरंय," सुतार म्हणाला. "सिनेमा मुका, ही बहिरी. जोडी जमली."

तिने ओठ वाचलेच. "तुमच्यापेक्षा मला जास्त कळतंय." भिंतीवर नायक गुडघा टेकून मागणी घालत होता. "प्रेमाचं नाही बोलत तो. म्हणतोय, बूट चावतोय."

तिघंही पोट धरून हसले.

सिनेमात लग्न झालं. नवरा मेला. बायको आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. पाटी आली, 'मी निर्दोष आहे.' पाटी गेली. बाई बोलतच राहिली.

बहीण हसायची थांबली.

"त्या बाईला काय चावतंय?" सुतार म्हणाला.

"म्हणतेय... कडी बाहेरून होती."

मशीनचा खडखडाट तेवढा.

"म्हणतेय, मी दार बडवत होते. तो पलीकडे उभा होता."

ती सुताराकडे बघत नव्हती. भिंतीकडेच.

"बंद कर रे ते," सुतार म्हणाला.

"म्हणतेय... तो खोकला. मला ऐकू आला."

सुतार उठला. अनवाणीच बाहेर गेला. दार लागलं.

मग मला ऑपरेटरचा फोन. "काका, कडी काढा. त्याने बाहेरून घातलीय."

"दार बडवायचं की. मी भिंतीपलीकडेच आहे."

"रंग ओला आहे, काका. हात लावला नाही."

मी गेलो. कडी खरंच घातलेली. मी काढली.

बहीण रडली नाही. "लग्न नको," म्हणाली. एवढंच. लग्नाचे कपडे मांडीवर घेतले आणि शिवण उसवत बसली.

ऑपरेटरने माझ्यासमोर तो तुकडा परत लावला. कोर्ट आलं. पिंजरा आला. बाई आमच्याकडे पाठ करून उभी. शेवटपर्यंत. चेहरा कुठेच नाही.

"काका..."

तो दाराकडे बघत होता. आतल्या बाजूला, ओल्या रंगात, दोन तळवे. बोटं पसरलेली. बहिणीने आपला हात जवळ नेला. मोठा पडला.



सुतार परत आला नाही. चपला तिथेच आहेत.

उजाडल्यावर जा. हात लावून बघा. बाकी दार वाळून खडखडीत झालंय. ते दोन तळवे अजून ओले आहेत.