बुधवारचा उपवास

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आणि धड पाऊस पडून तीन. कचेरीच्या टंचाई शाखेत एकच माठ होता. त्या माठापाशी सिंधु कदम सकाळपासून पाचव्यांदा आली, ग्लास भरला आणि डोळे मिटून घटाघटा प्यायली.

"बाई, तुमच्या नावानं एक टँकर येगळाच लावावा काय?"

सिंधुला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतलं पाणी पुसून बघते तर समोर एक उंच, सावळा तरुण. भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या, काखेत टँकरच्या खेपांचं रजिस्टर. ओठांवर हसू नव्हतं, पण डोळे मात्र चांगलेच हसत होते. तिचा ठसका थांबेपर्यंत तो तिथंच उभा राहिला, आणि मग म्हणाला, "सावकाश प्या. उरलंय अजून."

हा श्रीमंत कांबळे. पंधरा दिवस गावोगाव फिरतीवर होता, म्हणून नव्या लिपिकबाईंची गाठ पडली नव्हती. ती पडली ती अशी.

आता खरं सांगायचं तर त्या पाण्यामागं तहान नव्हतीच, भूक होती. सिंधु अर्धापूरची, केळीच्या मळ्यात वाढलेली. नोकरी लागून लातूरला आली त्याच महिन्यात नायगावचं एक स्थळ तिला पाहून गेलं. मुलगा वकील, घरची बागायत. निरोप आला की मुलगी पसंत आहे, पण अंगानं जरा कमी व्हायला हवी. संक्रांत झाली की पुन्हा एकदा बघू. जणू शिंप्याकडं टाकलेलं झंपर. जरा आत घ्या, मग घालून बघतो. सिंधुला राग आला. आणि राग येऊनही तिनं एका साप्ताहिकातला आहाराचा तक्ता कापून पर्समध्ये ठेवला. आई-बापाचं तोंड डोळ्यांपुढं आलं की रागाचं काही चालत नाही.

तक्ता असा होता: सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी एक काकडी, रात्री अर्धी भाकरी आणि पातळ वरण. मध्ये भूक लागल्यास ग्लासभर पाणी प्यावे आणि मन दुसरीकडे वळवावे. लातूरला आठ दिवसांनी एकदा नळ येतो, हे त्या लिहिणाऱ्या बाईला कोण सांगणार? आणि मन वळवायला सिंधुच्या टेबलावर काय होतं, तर गावोगावचे अर्ज. चूल पेटत नाही, काम द्या. ते वाचताना तिला स्वतःच्या भुकेची लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून भूक काही जात नव्हती.

पहिले चार दिवस डोकं दुखलं. मग एक बेचैनी सुरू झाली, ती थांबेचना. बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कुठं जावं ते सुचत नसे. कुठल्या तरी शाखेत कुणी शेंगदाणे फोडले तरी तिला वास यायचा. आणि श्रीमंत कचेरीत असला की ही बेचैनी दुप्पट व्हायची. ती भुकेची, की आणखी कशाची — तिचं तिलाच कळेना.

"आज कितवा ग्लास?" तो जाता जाता विचारायचा.

"तिसराच."

"मग सुधारणा हाय. साहेबांना अहवाल पाठवू का?"

ती हसायची, आणि मग तासभर एकाच ओळीवर नजर ठेवून बसायची... फिरतीवरून आला की तो गावाकडच्या गोष्टी सांगे. एका म्हातारीनं टँकरच्या ड्रायव्हरला जावई मानून आहेराची टोपी कशी घातली, ते सांगताना तो म्हातारीसारखाच बोलायचा. तो गावाला गेला की कचेरीतले दिवस सिंधुला फार लांब वाटायचे. संक्रांत जवळ येत होती आणि नायगावचा वकील दिसायला कसा होता, हे तिला नीटसं आठवेनासं झालं होतं.

दुपारी डबे उघडायची वेळ मात्र जीवघेणी. बारीक व्हायचंय असं सांगायची लाज वाटे, म्हणून तिनं उपवास काढले. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. घरमालकीण मल्लम्मा तर तिला बघून हात जोडायची. उरला होता बुधवार, आणि नेमक्या त्याच बुधवारी श्रीमंतनं आपला डबा तिच्या टेबलावर आणून ठेवला.

"मायनं धपाटे केलेत. म्हनली, शाखेत नवीन बाई आल्यात, त्यान्ला दे." एवढं बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

डब्याचं झाकण जरासं उघडं होतं. खरपूस ज्वारी, लसूण, तीळ... सिंधुच्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की तिला बोलता येईना. हात पुढं गेलाच होता. तो तिनं मागं घेतला आणि जिभेवर जे रोज असायचं तेच आलं, "उपवास आहे हो."

"बुधवारी?"

"पांडुरंगाचा."

त्यानं झाकण लावलं आणि डबा उचलून नेला. एवढंच झालं असतं तरी निभावलं असतं. पण दुपारी चारला साहेबांना नातू झाल्याचे पेढे आले. सिंधुच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. तिनं एक खाल्ला, आणि काय करतेय हे कळायच्या आत दुसराही खाल्ला. मान वर केली तेव्हा श्रीमंत दारातून तिच्याकडं बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो माठाकडं बघेना, की तिच्याकडं. 'बाई'ची 'मॅडम' झाली. फायली टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून तो निघून जायचा. तीन दिवस सिंधु तडफडली. सोमवारी शाखेत कुणी नाही बघून तिनं त्याला गाठलंच.

"कामून बोलत नाही तुम्ही?"

त्यानं पेन खाली ठेवलं. आवाज चढला नाही, पण शब्द आधीच तयार असावेत.

"मॅडम, आमच्या घरचं खायाचं नसंल तर नका खाऊ. आमाला सवय हाय. पन देवाचं नाव कामून घ्यायचं? साहेबाच्या पेढ्यानं मोडत न्हाई आन् आमच्या मायच्या धपाट्यानं मोडतो, असले उपास आमी लई बघितलेत."

सिंधुला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगावर काटा आला. कांबळे — बौद्ध घरचा मुलगा — हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं; त्या डब्याकडं बघताना मात्र ते एकदाही मनात आलं नव्हतं. नाही हो, तसं नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण मग काय सांगायचं? की मी जाड आहे आणि नायगावच्या वकिलाला बारीक हवीय? आणि दुसरंच काहीतरी आठवून ती तशीच आपल्या टेबलाकडं वळली. अर्धापूरच्या गोठ्यातल्या कोनाड्यात एक कान तुटलेली कपबशी असायची. मळ्यात कामाला येणाऱ्या भीमाची. ती बाई घरात का येत नाही, हे सिंधुनं जन्मात कधी विचारलं नव्हतं. श्रीमंत तिच्याबद्दल चुकला होता. तिच्या घराबद्दल चुकला नव्हता.

त्यानंतर तक्त्याची गरजच उरली नाही. भाकरी समोर असली तरी घास उतरेना. मल्लम्मानं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फर्मावलं, "बास झालं तुझं देव-देव. उद्या येळ अमावस्या, येळवस हाय. उद्या सारं लातूर शिवारात जेवतंय. माझ्या शेतात ये, न्हाईतर कुनाच्याबी शेतात जा. येळवसंला आवतण लागत न्हाई."

सिंधु रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. सकाळी तिनं आईला चार ओळींचं पत्र लिहिलं, पेटीत टाकलं आणि मुरुडच्या एसटीत बसली.

श्रीमंतच्या गावाचं नाव तिला टँकरच्या रजिस्टरमुळं पाठ होतं. फाट्यावर उतरून विचारत विचारत ती कांबळ्यांच्या शेतात पोचली. ज्वारी जेमतेम गुडघ्याएवढी, पानं वाळून गुंडाळलेली. तरी बांधावर कडब्याची कोप, आडोशापुरती खोपटी, उभारली होती आणि माणसं जेवायला बसली होती. इतरांच्या कोपीत पांडव पुजतात. बौद्ध झाल्यावर या घरानं पूजा सोडली होती, येळवसेचं जेवण मात्र सोडलं नव्हतं. श्रीमंत वाढत होता. तिला पाहून तो पळी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"या बाई, बसा," त्याची माय, सरजाबाई, म्हणाली. कोण, कुठली, काही विचारलं नाही.

सिंधु बसली नाही. बसली असती तर बोलायचं राहून गेलं असतं.

"मला उपवास नव्हता," ती त्याच्याकडं बघून म्हणाली. "एकही नव्हता. एका स्थळानं बारीक व्हायला सांगितलं होतं, म्हणून महिनाभर उपाशी होते... आणि ते सांगायची लाज वाटत होती. तुमचा डबा बघून मला रडू येत होतं."

श्रीमंतचा चेहरा ओशाळला, आणि मग त्या ओशाळलेपणातून हळूच ते जुनं हसू वर यायला लागलं.

"आन् ते स्थळ?"

"आज सकाळी आईला कळवलं. मी आहे एवढीच राहणार, म्हटलं. त्यांनी दुसरीकडं बघावं."

सरजाबाईनं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि पुढ्यात बाजरीचा वाफवलेला उंडा, भज्जी, वाटीत आंबील ठेवली. पहिला घास घेतला आणि सिंधुचे डोळे भरून आले. भज्जीत वाटाणा, हरभरा, चिंच, गाजर, सगळं एकमेकांत शिजलेलं. ती जेवत राहिली. कुणी हसलं नाही. दुसरा उंडा तिनं स्वतःच मागून घेतला.

श्रीमंत तिच्यासमोर उकिडवा बसला. मग हळू आवाजात त्यानं विचारलं, "बाई... उद्या मी तुमच्या घरी आलो, अर्धापूरला. मला ताट वाढतील?"

हो म्हणणं सोपं होतं. सिंधुनं हातातला घास खाली ठेवला.

"नाही वाढणार," ती म्हणाली. "आणि तुम्हाला वाढत नाहीत तोवर मीही त्या घरात जेवणार नाही. उपाशी राहायचं मी शिकलेय आता."

मग त्यानं एक ताट ओढून घेतलं, तिच्या ताटाला लावून ठेवलं आणि मायला म्हणाला, "मलाबी वाढ. लई भूक लागली."