साडेचार फेरे

हे घडलेलं आहे. मी तिथं होते आणि शुद्धीवर होते. रात्रही नव्हती. गुरुवार, दुपारचे तीन, मामाच्या गॅरेजचं शटर पूर्ण वर. अंधारामुळे भास झाला, अशी सबब मला नाही.

आधी मामाला यातून काय मिळणार होतं ते सांगते. माणूस कशापायी फसला हे कळल्याशिवाय कसा फसला ते कळत नाही.

मामाला हाव पैशाची नव्हती. त्याला एका माणसाचं पडलेलं तोंड बघायचं होतं.

आमच्याकडे जुन्या गाड्यांचा आणखी एक कारागीर आहे. त्याला सगळे 'तज्ज्ञ' म्हणतात, कारण तसं म्हणायला सुरुवात त्यानंच केली. एका मालकाची टप उघडणारी जुनी गाडी तज्ज्ञानं दोन दिवसांत परत पाठवली. वेळ नाही म्हणाला. त्याला न जमलेलं काम मामा करणार, आणि पुढं कधीतरी रस्त्यात भेटला की सहज विषय काढणार. नफा एवढाच.

काम होतं डाव्या दाराच्या काचेचं.

असल्या गाडीच्या दाराला वर चौकट नसते. काच एकटी उभी राहते. त्यामुळे दाराच्या पोटातली, काच वर-खाली करणारी मशीन अगदी बिनचूक लागते.

मामानं दार उघडून आत पाहिलं. हँडल नव्हतं. काच वर होती आणि तिच्याखाली एक लाकडी ठोकळा ठोकून बसवलेला. आजूबाजूला गोणपाट कोंबलेलं, बोट शिरायला जागा नाही.

"बघ, सुईबाई," मामा म्हणाला. मी गाड्यांच्या सीटा आणि दारांची अस्तरं शिवते, म्हणून मी सुईबाई. "मशीन मोडली की मारा ठोकळा. असले कारागीर, आणि गाडी म्हणे कोटीची."

मी वाकून पाहिलं. मशीन मोडलेली नव्हती. जरा गंजली होती, दोन-चार दाते झिजले होते.

"मग ठोकळा कशाला मारला असेल?"

"आळस."

दुसऱ्याच्या कामात कारागिराला आळसाखेरीज कारण दिसत नाही.

मामानं ठोकळा आणि गोणपाट उपसून काढलं आणि अकरा दिवस खपून नवी दातेरी पट्टी कानशीनं घासून काढली. पुठ्ठ्याचा नमुना करून नवी काच कापून आणली. पितळेचं हँडल केलं. सोमवारी सगळं बसवलं आणि त्याच्या पद्धतीनं फेरे मोजले. काच तळापासून वर यायला साडेचार फेरे. दाराच्या आतल्या पत्र्यावर खडूनं तसं लिहिलं.

मंगळवारी साडेपाच लागले.

मामानं मशीन काढली, पाहिली, परत बसवली. दोष नव्हता.

बुधवारी नऊ.

आणि खरी गोष्ट अशी, की काच साडेचारलाच वर येत होती. पूर्ण. त्याच्यापुढे फिरायला काही उरतच नव्हतं...

तरी हँडल फिरत होतं.

गुरुवारी मामी डबा घेऊन आली तेव्हा मामा दाराशी उकिडवा बसून फिरवतच होता. चाळीस. पन्नास. घाम हनुवटीवरून गळत होता.

"जेवण थंड होतंय," मामी म्हणाली.

"झालंच."

मामाचा हा शब्द मला माझ्या जन्मापासून माहीत आहे. ज्या गाडीला हातही लावलेला नाही तिच्या मालकालाही तो "झालंच" सांगतो. मामीला कळा सुरू झाल्या तेव्हाही "झालंच" म्हणून पाना शोधत बसला होता. माझी मामेबहीण वाटेतच झाली.

"दे इकडे," म्हणून मी हँडल हातात घेतलं.

ओझं होतं.

विहिरीतून भरली बादली ओढताना हाताला लागतं तसं. खूप खालून येणारं. आणि ते ओझं स्थिर नव्हतं...

हेलकावत होतं.

मी हँडल मामाच्या हातात परत दिलं. सोडून द्यायला धीर झाला नाही.

"मामा, पुरे. सोड ते."

"सुटत नाही असं नाही गं," तो हळूच म्हणाला. "सोडवत नाही."

तेवढ्यात दाराच्या पोटातून, त्याहून कितीतरी खोलातून, आवाज आला.

"अजून किती?"

दरडावून नव्हे. दमलेला, समजूतदार. बराच वेळ ताटकळलेलं गिऱ्हाईक विचारतं तसा. बाईचा की पुरुषाचा, आजही सांगता येणार नाही.

मामीच्या हातातला डबा खाली पडला.

आणि मामानं उत्तर दिलं. विचार करून नाही. तोंडातून गेलं, नेहमीसारखं.

"झालंच."

त्याचा खांदा एकदम खाली ओढला गेला. इतका वेळ जे नुसतं लोंबकळत होतं, त्यानं आता दोन्ही हातांनी धरलं होतं.

संध्याकाळी आम्ही दोघींनी ओढून त्याला उठवलं. हँडल सुटलं.

सर्र...

दाराच्या खाचेतल्या लोकरीच्या पट्टीतून काच घसरल्याचा आवाज. काच मात्र जागची हलली नाही. खाली काही आपटेल म्हणून मी कान देऊन उभी राहिले.

काही आपटलं नाही. आवाज फक्त लांब होत गेला.

शुक्रवारी मालक गाडी घेऊन गेले. शनिवारी त्यांचा फोन. "लोण्यासारखी चालते हो काच. मोजून साडेचार फेरे."

मी तज्ज्ञाकडे गेले. त्यानं मशीनबद्दल काही विचारलं नाही.

"आवाज आला?"

"आला."

"कुणी उत्तर दिलं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि दुकानाचं शटर खाली ओढायला घेतलं.

"मी दिलं नाही," तो आतून म्हणाला. "तसाच ठोकळा ठोकून उठलो. मालकाला वेळ नाही म्हटलं ते त्याच्यासाठी."

मामा आता खाटेच्या कडेला बसून असतो. उजवी मूठ हवेत गोल फिरते. हातात काही नसतं. ओठ हलतात, आकडा हजारांच्या पुढं आहे. मूठ धरली की लहान मुलासारखा रडतो. "घसरतंय गं."

एका डॉक्टरांनी नसेचा दोष सांगितला, दुसऱ्यांनी वयाचा. तिसऱ्यांनी घरी येऊन इंजेक्शन दिलं. मामाचा हात मांडीवर पडला.

खाटेखालच्या फरशीतून आलं...

सर्र...

डॉक्टरांनी बॅग उचलली. फी घ्यायलाही थांबले नाहीत.

मामी खाटेवर मामाच्या शेजारी बसली. मूठ वळली. आणि फिरवायला लागली.

आवाज थांबला.

"मामी, तू नको."

"कुणीतरी आहे ना गं खाली. यानं शब्द दिलाय."

"त्यानं दिलाय. तू कुठं दिलास?"

"अडतीस वर्षं त्याचे शब्द पुरे कोण करतंय?" ती म्हणाली. हात थांबला नाही. "बोलू नकोस. आकडा चुकतो."

आता सहा आठवडे झाले. बेरीज अशी येते. मालकाला काच मिळाली. तज्ज्ञ एका वाक्यात सुटला. मामाला रोज चार तास झोप मिळते. ते चार तास मामी भरते. तिला या कामातून काही मिळायचं नव्हतं. तिचा खांदा सुजून मानेला लागलाय.

काल तिनं मला सहज विचारलं, भाजी आणशील का विचारावं तसं.

"रविवारी मोकळी असतेस ना गं तू?"

मी हो म्हणाले.